न खाजणारा चट्टा

कुणाच्या अंगावर गोल चट्टा दिसला की माझ्या तोंडून आधी एकच प्रश्न निघतो, खाजतं का? समोरचा हो म्हणाला की माझा जीव भांड्यात पडतो. घरात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. नात म्हणते, दुसऱ्याला खाज सुटली की आजीला बरं वाटतं. खरंच बरं वाटतं. का वाटतं ते मात्र यजमान सोडून मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी त्या नातीच्याच मनगटावर रुपयाएवढं गोल उठलं. कडा लालसर आणि जरा उंच, मधली कातडी बऱ्यापैकी साफ. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर म्हणते, नाही गं, अजिबात खाजत नाही. तिला ओढतच दादरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांत होत्या. म्हणाल्या, आजी, गोल चट्टा उठायला कारणं पुष्कळ. बुरशीमुळे गजकर्ण होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कातडी कोरडी पडून इसब होतो, तोही कधी असा गोल दिसतो. एखादं औषध सोसत नाही, एखादा किडा चावतो. आणि एक प्रकार असा असतो की बारीक पुळ्यांचं कडं उठतं, दुखत नाही, खाजत नाही, वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातं. हिचं ते आहे. मी विचारलं, कापूस लावून बघितलात का? बाईंनी कापसाचं टोक बारीक वळलं आणि नातीला डोळे मिटायला सांगितलं. तिने प्रत्येक वेळी बरोबर जागा दाखवली. येताना टॅक्सीत मी रडले. नातीला वाटलं, आजीचं आता वय झालं.

वय झालंच आहे. म्हणूनच आईच्या हाताबद्दल आता लिहून टाकते.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते आणि आई खाणावळ चालवायची. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. आमची तीच एक खोली, आणि आमच्या मालवणकडच्या गावांतले दहा-बारा पुरुष, ज्यांची बायकामुलं गावी होती. पाळी सुटली की येऊन भिंतीला टेकून बसायचे आणि जेवून जायचे. सगळे आईला वयनी म्हणायचे. मी एकुलती एक. वाढायचं, पाण्याचे तांबे भरायचे आणि कोण किती जेवला ते आईच्या कानात सांगायचं, ही माझी कामं. कुणी कमी जेवला तर आईला ते लागायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आवडीचं काहीतरी व्हायचं.

आईची भाकरी लालबागेत नावाजलेली होती. हे मुलीचं कौतुक समजू नये, काळाचौकीहून माणसं आमच्याकडे जेवायला यायची. तांदळाच्या उकडीची पातळ भाकरी, कड मधल्याइतकीच पातळ. आणि ती उलथणं वापरत नसे. तव्यावरची भाकरी नुसत्या हाताने उलटायची आणि निखाऱ्यावर टाकायची, फुगली की बोटांनीच उचलायची. नवा माणूस आला की जुने त्याला मुद्दाम शेगडीसमोर बसवायचे, बघ म्हणून. वयनीच्या हाताक विस्तव वळखता, असं एक वयस्कर साचेवाला म्हणायचा. आमच्या गावचाच होता तो, आई त्याला भाऊ मानायची. विस्तव आईच्या हाताला ओळखत होता की नाही देव जाणे. आईचा हात मात्र हळूहळू विस्तवाला ओळखेनासा होत चालला होता आणि आम्ही सगळे समोर बसून त्याची तारीफ करत होतो.

आधी गोल चट्टा उठला तो माझ्या मानेवर. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. गजकर्ण चाळीत घरोघरी होतं. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवा ओली आणि गरम ठेवत, पुरुष आठ तास त्यात घामाने भिजून निघत. एकाच दोरीवर सगळ्यांचे पंचे. काख, मांड्या, कंबर खाजवत बसलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत की त्यात लाजण्यासारखं काही आहे हे मला लग्नानंतर कळलं. माझी मान भयंकर खाजायची. शाळेत बाई मला मागच्या बाकावर बसवू लागल्या. मग आईच्या त्या मानलेल्या भावाने गावाहून टाकळ्याचं बी आणवलं. आई ते लिंबाच्या रसात उगाळून माझ्या मानेला लावायची. असं झोंबायचं की मी खोलीभर नाचायचे आणि जेवायला बसलेले लोक हसायचे. तीन आठवड्यांत माझी मान स्वच्छ झाली.

त्याच सुमाराला आईच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, करंगळीच्या बाजूला एक गोल होता. तो कधी उठला ते आठवत नाही. बहुतेक माझ्याही आधीपासून असावा. कड तांबूस आणि जाडसर, मध्ये कातडी फिकी, कोरडी आणि गुळगुळीत. तिथली लव गेली होती. पण एवढं बारकाईने मी ते नंतर आठवून आठवून पाहिलं आहे. तेव्हा दिसलं ते एवढंच, की माझ्यासारखाच गोल. लेकीचं गजकर्ण आईला लागलं, असं सगळे म्हणाले आणि त्यात शंका घेण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही. मीच दिलं म्हणून मला वाईटही वाटायचं.

उगाळलेल्या वाटीतलं उरलेलं औषध आई स्वतःच्या हाताला लावायची. मी थयथयाट करायचे आणि ती शांतपणे लावून पुन्हा पिठाकडे वळायची. एकदा मी विचारलं, तुला झोंबत नाही? तर म्हणाली, "मोठ्या माणसांक झोंबणा नाय." मी ते खरं मानलं. मोठं झाल्यावर झोंबत नाही, ही मला तेव्हा मोठं होण्यातली एक चांगली गोष्ट वाटली.

माझी मान बरी झाली आणि तिथेच आमचा घात झाला. औषध बरोबर आहे याचा पुरावाच मिळाला. आईचा चट्टा जाईना, तर जो तो त्याला नवं कारण शोधू लागला. शेजारीण म्हणाली, बांगड्या घासून होतंय. दुसरी म्हणाली, धुण्याच्या सोड्याने. बाबांना वाटायचं, त्यांच्या कपड्यांवरचं गिरणीचं तेल तिला बाधतंय, म्हणून ते आपले कपडे स्वतः धुवायला लागले. लालबागेतले एक वैद्य म्हणाले, रक्त बिघडलंय, वांगं आणि सुकी मासळी बंद करा. आईने वर्षभर सुकट तोंडात घातली नाही, आमच्यासाठी मात्र रोज भाजली. चट्टा होता तिथेच राहिला, उलट थोडा पसरला. आईने बांगड्या जास्त भरल्या आणि वर लांब बाहीची चोळी शिवून घेतली. उन्हाळ्यातसुद्धा तीच घालायची.

तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. आमच्या भागात तर दुसरा विषयच नव्हता. भिंतींवर चुन्याने मुंबई आमची लिहिलेलं. गिरण्यांचे भोंगे व्हायचे आणि कुणी कामावर जायचं नाही. गिरगावापासून परळपर्यंत रोज कुठे ना कुठे सभा. आमचे जेवणारे सगळे मोर्चात. त्या दिवसांत आईच्या शेगडीला दम नव्हता. सत्याग्रहाला जाणाऱ्यांसाठी चाळीचाळीतून भाकऱ्या जमा व्हायच्या आणि आमच्या चाळीतली सगळ्यात मोठी टोपली आईची असायची. भाकरी, वर लसणाची चटणी, कांदा. टोपली उचलायला दोन बाया लागायच्या. आईला भाषणं फारशी कळायची नाहीत, पण टोपली निघाली की ती गॅलरीत उभी राहून ती नाक्यापर्यंत जाताना बघायची. इतकं समाधान तिच्या तोंडावर मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

एका हरताळाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला खोली माणसांनी भरलेली होती. सगळे घरीच. आई भाकऱ्या भाजत होती. खालून धावत एकजण आला आणि दारात उभा राहून सांगू लागला की नाक्यापलीकडे गोळीबार झाला, पलीकडच्या चाळीतला एकजण पडला. तो आमच्याकडे दोनदा जेवून गेलेला होता. सगळे उठून उभे राहिले. आईने मान वळवून दाराकडे पाहिलं. तिचा उजवा हात भाकरी उलटायला गेला होता तो तसाच राहिला, करंगळीखालची कड तव्याला टेकलेली. मी तिच्या शेजारी बसून गोळे करून देत होते. मला आधी वास आला. भाकरी करपल्याचा नव्हता. मी तिचा हात धरून ओढला तेव्हा कातडी तव्याला चिकटून निघाली. आई माझ्याकडे अशी बघत होती की मीच काहीतरी वेडेपणा केला.

"वयनी, हात पोळलो तुमचो," भाऊ म्हणाला.

आई हाताकडे बघत म्हणाली, "माका कळलाच नाय."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत चाळभर झालं आणि दोन दिवसांत लालबागभर. महाराष्ट्राच्या पोरांवर गोळी चालली हे ऐकून या बाईचं देहभान हरपलं, हात जळला तरी कळलं नाही. पुढच्या आठवड्यात चाळीच्या चौकात सभा झाली तेव्हा बोलणाऱ्याने आईचा दाखला दिला आणि तिला उभं राहायला सांगितलं. हाताला फडकं बांधलेली माझी आई शे-दोनशे माणसांसमोर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीने येऊन तिला कुंकू लावलं. मी अभिमानाने फुगले होते. आई पटकन खाली बसली आणि तिने पदर हातावर ओढून घेतला. मला वाटलं, लाजली.

त्या सभेत एक डॉक्टर असता, किंवा आमच्यातल्या एकाला जरी वाटलं असतं की हात जळताना कुणालाही कळतंच, गोळीबार होवो नाहीतर प्रलय होवो, तर आईचा हात वाचला असता. पण आम्हाला शूर बाई हवी होती. ती मिळाल्यावर पुढे विचार कोण करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कामावर गेल्यावर आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. तिने बांगडीला अडकवलेली पिन काढली. बायका तेव्हा अडीनडीला म्हणून पिना बांगड्यांत अडकवून ठेवत. तिने डोळे मिटले आणि पिन डाव्या हातावर टोचली. तोंड वाकडं झालं. मग उजव्या हातावर, त्या गोलाच्या मध्ये. एकदा, दोनदा, तीनदा. डोळे उघडले तेव्हा गोलात रक्ताचे तीन बारीक थेंब होते. ते तिने पदराने पुसले, पिन परत बांगडीत अडकवली आणि तांदूळ निवडायला घेतले. मी गोधडीवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मला काही कळलं नाही, एवढंच कळलं की हे कुणाला सांगायचं नाही.

आज मला ठाऊक आहे की त्या दुपारी तिला सगळं कळलं होतं. तिच्या माहेरी एक काका होते. त्यांना शेताच्या पलीकडे खोपटात ठेवलेलं होतं. लहानपणी तीच त्यांचं जेवण घेऊन जायची, दगडावर ठेवायची आणि मागे न बघता परत यायची. हे तिने मला फार नंतर सांगितलं. तो रोग आपल्याला झाला असेल तर आपल्याला कुठे बसवतील आणि जेवण कोण कुठे ठेवील, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हात भाजलेला बरा होईना म्हणून बाबांनी तिला परळच्या एका दवाखान्यात जायला लावलं. सोबत मी. ट्रॅमची वाट बघत उभ्या असताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरान इचारल्यान तर खूप खाजता म्हणान सांग." मी म्हटलं, पण तू तर खाजवत नाहीस. ती म्हणाली, "सांगायचा."

डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग होती. त्यांनी भाजलेल्या जागेवर पट्टी बांधली आणि बाही वर सरकली तेव्हा त्यांना चट्टा दिसला. त्यांनी विचारलं, हे किती दिवसांचं, खाजतं का? आई म्हणाली, होय. त्यांनी सहज माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खूप खाजतं, झोपेतसुद्धा खाजवते. झोपेतसुद्धा हे माझ्या पदरचं होतं. मला चांगलं खोटं बोलता येतं याचा तेव्हा आनंद झाला. त्यांनी पांढऱ्या मलमाची डबी दिली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर आईने मला बर्फाचा गोळा घेऊन दिला. मी तो चोखत चोखत लालबागपर्यंत आले.

मला कुणी दोष देत नाही. मी दहा वर्षांची होते, असं माझे यजमान म्हणायचे. त्यांना एकट्यालाच हे ठाऊक होतं. पण मला आठवतं, त्या डॉक्टरांचा हात खाली चट्ट्याकडे आला होता, बोटाने दाबून बघण्यासाठी. माझं उत्तर ऐकून तो थांबला आणि डबीकडे गेला. तेव्हा या रोगावर गोळ्या निघाल्या होत्या. त्याच दिवशी सुरू झाल्या असत्या तर आईची बोटं सरळ राहिली असती.

मग भाकरी बिघडायला लागली. आधी माझ्याच लक्षात आलं, कारण कड माझ्या दातांखाली जाड लागली. आई थापायची तेव्हा तळव्याची बाहेरची बाजू उचललेली राहायची, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायचं. ती डाव्या हाताने ती बोटं सरळ करायची आणि पुन्हा थापायची. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. जेवणाऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. आमच्याकडची माणसं भांडून जात नाहीत, कारण काढून जातात. एकाचा भाऊ गावाहून आला, एकाची पाळी बदलली, एकाचं पोट बरं नसायचं. आई प्रत्येकाला बरं बरं म्हणायची. सगळ्यात शेवटी भाऊ गेला. तो कारण सांगायला आला तेव्हा त्याला कारण सुचेना. आईनेच त्याला सुचवलं, की गिरणीजवळच जेवत जा, तुमचं चालणं वाचेल. तो मान खाली घालून गेला.

चळवळ चालूच होती. बायकांची एक तुकडी सत्याग्रहाला निघायची होती आणि चाळीतून भाकऱ्या जमत होत्या. आई पहाटेपासून बसली. फाटलेल्या बाजूला ठेवत ठेवत तिने चांगल्या तेवढ्या टोपलीत रचल्या. त्या दिवशी मी पीठ मळायला घेतलं तर तिने मला हात लावू दिला नाही. टोपली नेहमीसारखी गेली. ती गॅलरीत नेहमीसारखी उभी राहिली. दुपारी शेजारीण टोपली परत घेऊन आली आणि दाराच्या बाहेरच ठेवून, आज भाकऱ्या फार जमल्या म्हणाली. वरचं फडकं जसं बांधलं होतं तसंच होतं, गाठही आईचीच. ज्या हाताला टाळ्या मिळाल्या होत्या त्याच हाताची भाकरी होती. आईने गाठ सोडली आणि त्या भाकऱ्या आम्ही तीन दिवस खाल्ल्या.

शेवटी बाबांनी तिला मोठ्या इस्पितळात नेलं, मलाही सोबत घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी कापसाने, पिनेने, गरम आणि गार पाण्याच्या नळ्यांनी पाहिलं. कोपरामागची नस चाचपली, ती दोरीसारखी जाड झाली होती. ते म्हणाले, "बाई, आता कुठे लागलं ते सांगा." आईने डोळे मिटून अंदाजाने एक जागा दाखवली. तेव्हा त्यांनी लावलेलंच नव्हतं. माझी मानही त्यांनी पाहिली. तो चट्टा वेगळा होता आणि हा वेगळा, असं त्यांनी बाबांना समजावलं. घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "कोणाकडे बोला नको." त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, रोगाचंही नाही. आईला महारोग्यांच्या इस्पितळात ठेवलं. चाळीत सांगितलं, गावी गेली.

ती तिथे चार वर्षं होती. बाबा महिन्यातून एकदा जायचे, मला नेत नसत आणि मी हट्ट केला नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीला दिव्यांच्या माळा लावल्या होत्या, पेढे वाटले. कुणीतरी आईची आठवण काढली. हात जळला तरी कळलं नव्हतं त्या माउलीला, म्हणाले, कशी आहे गावी? मी म्हटलं, बरी आहे. मला तेव्हा सवयच झाली होती. मी स्वतःला रोज पिन टोचून बघायचे, दंडाला, मांडीला, गालाला. दुखलं की दिवसभर बरं वाटायचं. चाळीत कुणी दिसलं की अंगावर गोल चट्टा आहे का ते बघायचे आणि विचारायचे, खाजतं का?

आई परत आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिच्याजवळ इस्पितळाचा कागद होता. तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं त्यावर लिहिलं होतं. तो कागद तिने ट्रंकेत लुगड्याखाली ठेवला. चट्टा जवळजवळ दिसत नव्हता. रोग गेला होता, बोटं तशीच राहिली होती, दोन आत वळलेली आणि तिसरंही थोडं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेल्यावर तिने परात काढली. मी म्हटलं, मी करते. ती म्हणाली, बस तू. तिने डाव्या हाताने भाकरी थापली. फार वेळ लागला. कडा फुटल्या, तिने पाण्याचं बोट लावून लावून सांधल्या. उलटायला उलथणं घेतलं. निखाऱ्यावर भाकरी थोडीशीच फुगली. तिने ती ताटात घातली, कालवणाची वाटी ठेवली आणि ताट माझ्यासमोर सरकवलं. वाटीला तिच्या वळलेल्या बोटांचा मागचा भाग लागला होता. मी ते पाहिलं.

तो कागद मी वाचलेला होता. मला तोवर सगळं ठाऊक होतं. अन्नातून हा रोग होत नाही हे डॉक्टरांनी बाबांना सांगितलेलंही मी ऐकलं होतं. मी म्हटलं, "आये, माका भूक नाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. ट्रॅमची वाट बघताना ज्या बाईने मला खोटं बोलायला शिकवलं होतं तिला खोटं ओळखायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "ठेव झाकून." मग तिने ते ताट स्वतःकडे ओढलं आणि माझ्यासमोर बसून ती भाकरी खाल्ली. संपूर्ण खाल्ली. ताट धुतलं आणि ते इतर भांड्यांत न ठेवता मोरीजवळच्या फळीवर वेगळं ठेवलं. ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली आणि एकदाही पिठाला हात लावला नाही. मी थापायचे आणि ती दोन हात लांब बसून सांगायची, पाणी कमी कर, कड दाब, आता उलट. मला तिच्याइतकी चांगली भाकरी यायला लागली तेव्हा तिने तसं बोलून दाखवलं. तिचं ताट शेवटपर्यंत त्या फळीवर होतं. मी ते तिथून कधी हलवलं नाही, ती गेल्यावरच हलवलं.

त्या भाकरीच्या आदल्या दिवशी, ती इस्पितळातून येणार म्हणून, माझ्याने जेववलं नव्हतं. सकाळपासून चहाही घेतला नव्हता. मला खूप भूक लागली होती.